फांदीवरचा हिरवा झुबका

फेब्रुवारी सरत आला की खोपोलीच्या डोक्यावरचा बोरघाट विरळ दिसायला लागतो. सावरी आणि पांगारे पानं टाकून नुसत्या फुलांवर उभे असतात, ऐन-किंजळ झडत असतात, सागाची वाळकी पानं वाटेवर पायाखाली मोडतात. नेमक्या याच दिवसांत, एकही पान न उरलेल्या एखाद्या फांदीवर मध्येच गर्द हिरवा झुबका दिसतो. लांबून ते मोठ्या पक्ष्याचं घरटं वाटतं. जवळ गेलं की जाड, चामट पानं दिसतात, फांदीला आलेली गाठ दिसते आणि त्या गाठीतून फुटलेली दुसऱ्याच जातीची डहाळी दिसते. हे बांडगूळ. कर्जत-खालापुरात ते पाहिलं नाही असा माणूस मिळणं कठीण. पण ते कुठल्या झाडावर आहे, किती आहे, किती उंचीवर आहे आणि कुठल्या झाडांवर नाही, हे लिहिलेली वही सहसा कोणाकडे नसते. अशी वही असायला हवी असं मला फार वाटतं. बांडगुळाचा नकाशा काढायला बसलं की त्यातून निघतो तो एका इवल्याशा पक्ष्याच्या येण्याजाण्याचा नकाशा, आणि तो या भागात दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतक्या स्वस्तात हाती येत नाही.

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या बांडगुळाचं शास्त्रीय नाव डेन्ड्रोफ्थी फाल्काटा. त्याची पानं हिरवी असतात, म्हणजे उन्हात स्वतःचं अन्न ते स्वतः तयार करतं. जमिनीत मूळ नसल्याने पाणी आणि क्षार मात्र त्याला यजमान झाडाकडून घ्यावे लागतात. त्यासाठी त्याची शोषक मुळं सालीतून आत शिरतात आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांना जाऊन भिडतात. म्हणून वनस्पतिशास्त्रात त्याला अर्धपरजीवी म्हणतात. पाणी आपल्याकडे ओढून घ्यायचं तर यजमानापेक्षा जास्त ओढ लावावी लागते. बांडगूळ ते पानांवाटे भरपूर बाष्प सोडून साधतं. यजमान झाड काटकसर करायला लागतं त्या दिवसांतही बांडगुळाचा उपसा बऱ्यापैकी चालू राहतो. त्यामुळे गाठीच्या पुढची फांदी हळूहळू बारीक होते आणि बऱ्याचदा वाळते. अख्खं झाड मरतं ते क्वचित. झाड आधीच म्हातारं झालेलं असेल, किंवा झुबक्यांनी पार भरून गेलं असेल, तर.

दोन गोष्टींशी लोक त्याची गल्लत करतात, आणि नोंद ठेवणाऱ्याने ती आधी निस्तरलेली बरी. एक अमरवेल. पिवळ्या दोऱ्यांचं जाळं झुडपांवर पसरलेलं दिसतं ती ही वेल. तिला पानं नसतात आणि ती पाण्यासकट अन्नही यजमानाकडूनच घेते. दुसऱ्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किडं. सीतेची वेणी जुन्या आंब्यावर लोंबताना कर्जतकडे पुष्कळांनी पाहिली असेल. ती झाडावर फक्त बसते, त्याच्या आत शिरत नाही. तिची मुळं सालीवरून उघडी पसरलेली दिसतात. बांडगुळाच्या जोडावर मात्र गाठ असते. दुर्बिणीतून गाठ दिसली की शंका राहत नाही.

आता त्या पक्ष्याकडे. टिकेलचा फुलटोच्या हा आपल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. लांबी जेमतेम आठ सेंटिमीटर, रंग मातकट हिरवट, चोच फिकट आणि किंचित बाकदार. दिसण्याआधी तो ऐकू येतो. झाडाच्या शेंड्याकडून ‘चिक् चिक् चिक्’ असा तीक्ष्ण, न थांबणारा आवाज येत राहतो. त्याच्या जोडीला याच भागात जाड चोचीचा फुलटोच्याही आहे. बांडगुळाच्या फुलांवर शिंजीरही येतात. फूल लांबट नळीसारखं, केशरी-तांबूस, टोकाकडे हिरवट. या कुळातल्या अनेक जातींत कळी पिकली तरी आपणहून उमलत नाही. पक्ष्याने चोचीने तिचं टोक दाबलं की पाकळ्या फटकन उलगडतात आणि पराग पक्ष्याच्या तोंडावर उडतात. पक्ष्याला मध मिळतो आणि पुढच्या फुलाला पराग.

फळाची गोष्ट याहून रंजक आहे. पिकलेलं फळ लहान, लांबटगोल, गुलाबीसर असतं आणि त्याच्या टोकाला कपासारखी कडा असते. आत एकच बी, आणि त्या बीभोवती विलक्षण चिकट गर. टिकेलचा फुलटोच्या फळ अख्खं गिळतो. त्याच्या पोटात ते फार वेळ राहत नाही. थोड्याच वेळात बी बाहेर येते, पण चिकटपणा तसाच असतो, त्यामुळे ती सुटून पडत नाही. पक्ष्याला मग फांदीवर बूड घासून ती काढावी लागते. जाड चोचीचा फुलटोच्या बहुधा गर चोचीतच पिळून खातो आणि बी फांदीला पुसून टाकतो. दोन्ही पद्धतींचा परिणाम एकच. बी जमिनीवर पडली असती तर फुकट गेली असती, ती बरोबर फांदीच्या सालीला चिकटते.

ही चिकटलेली बी जवळून पाहण्यासारखी असते. हाताशी येणारी खालची फांदी शोधावी आणि तिच्या वरच्या अंगाला पाहावं. गराच्या धाग्यांची पांढुरकी लाळ सुकून चकाकत असते, तिच्यात बी रुतलेली असते. काही दिवसांनी बीतून एक हिरवा कोंब निघतो. इतर रोपांचे कोंब उजेडाकडे वळतात, हा उजेडाकडे पाठ फिरवून सालीकडे वाकतो. त्याचं टोक सालीला टेकलं की पसरून चकती होते, आणि त्या चकतीखालून शोषक मूळ आत घुसायला लागतं. या साऱ्या काळात त्याला ना माती मिळते, ना बाहेरचं पाणी. बीमध्ये साठलेल्या शिध्यावर तो तगून असतो. शिधा संपायच्या आत सालीतून आत जाता आलं तर बांडगूळ, नाही तर सालीवर उरतो एक वाळका कोंब. बहुतेक बियांच्या वाट्याला दुसरी गत येते.

या पक्ष्यांचा आणि बांडगुळाचा संबंध आपल्याच मुलखात अभ्यासला गेला, हे रायगडकरांनी आवर्जून लक्षात ठेवावं. सलीम अली १९३०च्या सुमारास तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. सुगरणीच्या घरट्यांवरचं त्यांचं गाजलेलं निरीक्षण तिथलंच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली त्यांचा आणखी एक लेख आला. त्याचा विषयच हा होता: कोकणात बांडगुळाच्या वाढीत आणि फैलावात शिंजीर आणि फुलटोच्ये यांचा वाटा काय. पुढे प्रिया दावीदार यांनी निलगिरीत याच नात्याचा बारकाईने अभ्यास केला. फुलटोच्यांकडून परागण होणाऱ्या काही बांडगुळांत फूल आणि फळ दिसायला एकमेकांसारखी असतात, हे त्यांनी १९८३ साली मांडलं. एकच पक्षी परागही नेतो आणि बियाही, म्हणून वनस्पतीने दोन्ही कामांसाठी त्याला एकाच खुणेने बोलवावं, हा विचार मला आजही थक्क करतो.

नकाशाचा मुद्दा मात्र सर्वांत स्वच्छ उलगडला तो पार दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. तिथे फोराडेन्ड्रॉन कॅलिफोर्निकम नावाचं वाळवंटी बांडगूळ मेस्किट, पालो व्हर्दे, आयर्नवुड अशा शेंगावर्गीय झाडांवर वाढतं. त्याला पानं नावापुरतीच, बारीक खवल्यांएवढी. डहाळ्यांचा हिरवट-तांबूस गुंता आणि त्यावर लाल मण्यांसारखी फळं. ती फळं खाऊन बिया पसरवतो फायनोपेप्ला नावाचा तुरेवाला पक्षी, नर काळा कुळकुळीत आणि मादी करडी. फळांनी लगडलेलं झाड तो हट्टाने राखतो, दुसऱ्या पक्ष्यांना जवळ येऊ देत नाही. जुलियान ऑकेमा आणि कार्लोस मार्टिनेझ देल रिओ यांनी तिथे एक साधा प्रश्न घेतला. पक्षी बिया टाकतो कुठे? २००२ साली छापलेल्या त्यांच्या कामाचं उत्तर असं की बिया सगळीकडे सारख्या पडत नाहीत. ज्या झाडांवर आधीच बांडगूळ आहे आणि जी झाडं उंच आहेत, त्यांच्यावर त्या कितीतरी जास्त पडतात. पक्षी खातो तिथे बसतो, बसतो तिथे टाकतो, आणि टेहळणीला त्याला उंच जागा आवडते. म्हणून बांडगूळ पुंजक्यापुंजक्याने वाढतं. एका झाडावर वीस झुबके, शेजारच्या तीन झाडांवर एकही नाही.

हे वाचून आपल्या घाटाखाली फिरलं की डोळ्यांना वेगळंच दिसायला लागतं. खोपोलीतून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खालापूरकडे जाताना रस्त्यालगतचे जुने आंबे पाहा. एकट्या उभ्या, भरपूर ऊन मिळणाऱ्या, सभोवतालच्या झाडांपेक्षा उंच गेलेल्या आंब्यावर झुबके दाट सापडतात. त्याच अंतरावर डोंगराच्या कुशीतल्या दाट रानात शिरलं तर ते शोधावे लागतात. बांडगुळाला ऊन हवं आणि पक्ष्याला उघडा शेंडा हवा, दोघांचीही सोय कडेच्या झाडावर होते. आता या तालुक्यांत गेल्या काही दशकांत काय झालं ते डोळ्यांसमोर आणा. रान तुटून प्लॉट पडले, फार्महाउसं उठली, आमराया लावल्या गेल्या, द्रुतगती मार्ग आला, कारखाने आले. सलग रानाची जागा कडांनी आणि एकट्यादुकट्या झाडांनी घेतली. त्याबरोबर बांडगूळ वाढलं का? वाढलं असावं असा तर्क करता येतो. सांगता येत नाही, कारण आधी किती होतं ते कोणी लिहून ठेवलं नाही. इंग्लंडमध्ये सफरचंदाच्या जुन्या बागा तुटू लागल्या तेव्हा तिथल्या बांडगुळाचं काय होणार अशी काळजी लोकांना वाटली. त्यांना निदान सत्तरच्या दशकातल्या आणि मग नव्वदच्या दशकातल्या देशभरच्या पाहण्या समोर ठेवता आल्या.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र म्हणू नये. उलट हा भाग वनस्पतींच्या नोंदींच्या बाबतीत भाग्यवान आहे. माथेरान आणि महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी बर्डवूड नावाच्या न्यायाधीशाने १८८६-८७च्या सुमारास प्रसिद्ध केली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि आजही तो उघडावाच लागतो. खोपोलीहून घाट चढलं की खंडाळा. तिथे फादर हर्मेनेगिल्ड संतापाऊ यांनी वर्षानुवर्षं पालथं घातलेलं रान आहे. स्पेनमध्ये जन्मलेले हे जेसुइट मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात होते. त्यांचं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक १९५३ साली निघालं, तिसरी सुधारित आवृत्ती १९६७ साली. मधल्या काळात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख होते. झेवियर्समधला ब्लॅटर हर्बेरियम हा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह १९०६ पासूनचा. खंडाळा-माथेरानच्या कुठल्याही वनस्पतीचा माग काढायचा तर तिथे जावं लागतं.

या जुन्या नोंदी वापरताना एक अडचण येते, तिची कल्पना असावी. कुक यांच्या काळी बांडगुळांच्या कितीतरी जाती लोरँथस या एकाच मोठ्या प्रजातीत कोंबलेल्या होत्या. सलीम अलींच्या लेखातही बांडगुळाचं नाव लोरँथस लाँगिफ्लोरस असंच आहे. १९३०च्या आसपास डान्सर या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती प्रजाती फोडून वेगवेगळी केली, आणि आज आपण तेच बांडगूळ डेन्ड्रोफ्थी म्हणून लिहितो. नवं नाव घेऊन जुन्या सूचीत शोधायला गेलं तर काही सापडत नाही आणि इथे पूर्वी हे नव्हतंच असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून वहीत दोन्ही नावं लिहून ठेवावीत.

दुसरी, याहून मोठी उणीव त्या नोंदींच्या स्वरूपातच आहे. वनस्पतिसूची सांगते की अमुक जात खंडाळ्यात आहे, फुलोरा अमुक महिन्यांत, फार तर एखाद-दुसरं यजमान झाड. त्या काळच्या कामाचा हेतूच तेवढा होता आणि तो त्यांनी उत्तम पार पाडला. किती झाडांपैकी किती झाडांवर, हा प्रश्न मात्र त्यात नसतो. आणि बांडगुळाच्या बाबतीत सगळा अर्थ त्याच प्रश्नात आहे. समजा, एखाद्याने बांडगूळ असलेली तीस झाडं नोंदवली आणि त्यांतले वीस आंबे निघाले. बांडगुळाला आंबा प्रिय आहे असं म्हणावं का? त्या रस्त्यावर मुळात आंबेच सगळ्यांत जास्त असतील तर वीसचा आकडा काहीच सांगत नाही. रस्त्यावर दोनशे आंबे आणि बारा शिवणी असतील, आणि बारापैकी सहा शिवणींवर बांडगूळ असेल, तर खरी गोष्ट शिवणीची आहे. हे कळायला मोकळी झाडंही मोजावी लागतात. मोबाइलच्या अ‍ॅपवर हौसेने टाकलेल्या नोंदींचा सर्वांत मोठा कच्चा दुवा हाच आहे. दिसलं ते सगळे टाकतात, दिसलं नाही ते कोणी टाकत नाही. डेन्ड्रोफ्थी फाल्काटा चारशेच्या आसपास जातींच्या झाडांवर आढळल्याची नोंद आहे. इतक्या झाडांवर येऊ शकणारी वनस्पती एखाद्या गावात ठरावीक दोन-तीन झाडांवरच दिसत असेल, तर त्याचं कारण न दिसलेल्या झाडांच्या आकड्यातूनच शोधावं लागणार.

म्हणून पद्धत साधी पण कडक ठेवावी. एक वाट ठरवायची, खोपोलीच्या बाजारातून नाना फडणवीसांनी बांधलेल्या तळ्याकडे जाणारी, किंवा घाटाच्या पायथ्याची, किंवा कर्जतहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे जाणारी. त्या वाटेच्या दोन्ही अंगांना ठरावीक अंतराच्या आत येणारं प्रत्येक मोठं झाड लिहायचं, बांडगूळ असो वा नसो. झाडाची जात. साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर, साध्या शिंप्याच्या टेपने घेतलेला. झाड एकटं की गर्दीत. झुबके किती, आणि ते झाडाच्या खालच्या, मधल्या की वरच्या भागात. झुबक्यावर कळ्या, फुलं की फळं. जागेचे आकडे मोबाइल देतो, पण घाटाच्या कड्याखाली आणि दाट झाडीत ते चुकतात, म्हणून जोडीला ‘देवळामागचा दुसरा आंबा’ अशी गावातली खूणही लिहावी. वहीत एक ओळ अशी दिसेल: आंबा, घेर २ मीटर १० सेंमी, रस्त्याकडेला एकटा, झुबके ७, पाच वरच्या भागात, फुलं, खाली गळालेल्या फुलांच्या नळ्या, फुलटोच्या ऐकू आला. आणि पुढची ओळ: शिरीष, घेर ३ मीटर, आंब्यापासून पंधरा पावलं, झुबका नाही. दोन्ही ओळी सारख्याच मोलाच्या.

पानगळीच्या झाडांवर झुबका लपत नाही. पण सदाहरित आंब्याच्या गर्दीत तो डोळ्यांतून निसटतो. तिथे आधी जमीन पाहावी. झाडाखाली केशरी-तांबूस नळ्यांचा सडा असेल तर वर बांडगूळ आहे, आंब्याचा मोहोर तसा नसतो. मग मान वर करून पानांच्या रंगातला फरक शोधावा. बांडगुळाची पानं जाड, फिकट निळसर-हिरवी, मधली शीर बऱ्याचदा तांबूस. झाड निष्पर्ण असतं तेव्हा उलटी अडचण येते: झुबका स्पष्ट दिसतो, पण यजमान झाड कुठलं ते कळत नाही, कारण ओळखायला पानंच नसतात. इथे ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या जाणत्यांना बरोबर घ्यावं. ऐनाची भेगाळलेली साल, मोईचे निघणारे ढलपे, कुंभ्याचा बुंधा हे त्यांना पानांशिवाय ओळखता येतं. शहरातून आलेल्या अभ्यासकाला पुस्तक उघडूनही जे साधत नाही ते त्यांना चालता चालता सांगता येतं. वहीत त्यांनी सांगितलेली झाडांची नावं जशीच्या तशी लिहावीत.

मोकळं झाड मोकळं का, याची दोन कारणं असू शकतात. पक्षी तिथे बसलाच नाही, किंवा बसला, बी टाकली, पण साल आणि लाकडाने ती आत येऊ दिली नाही. या दोहोंतला फरक त्या वाळलेल्या बिया सांगतात. मोकळ्या झाडाच्या बारीक फांद्यांवर सुकलेल्या गराचे धागे आणि मेलेले कोंब सापडले, तर पक्षी येऊन गेलेला आहे आणि झाडाने दाद दिलेली नाही. काहीच सापडलं नाही तर पक्ष्याची वाट तिकडून जात नाही. डोळे आणि धीर असलेल्या कोणालाही हे करता येतं.

बांडगूळ म्हणजे एकच जात, हा समजही फिरता फिरता गळून पडतो. व्हिस्कम गटातली बांडगुळं दिसायला अगदी निराळी. काहींना पानं जवळजवळ नसतात, नुसत्या चपट्या, सांध्यासांध्यांच्या हिरव्या डहाळ्या लोंबतात. या गटातली काही तर दुसऱ्या बांडगुळावरच वाढतात. व्हिस्कम कॅपिटेलाटम हे त्याचं ठळक उदाहरण: डेन्ड्रोफ्थी झाडावर आणि हे डेन्ड्रोफ्थीवर. आंब्याच्या मुळांनी खेचलेलं पाणी दोन परक्या वनस्पतींतून जाऊन या व्हिस्कमच्या पेशींत पोचतं. झुबक्यात झुबका दिसला, पानांच्या पोताचा मेळ बसेना, की फोटो काढून थांबावं आणि नीट पाहावं. ही नोंद दुर्मीळ आणि म्हणून मोलाची. फुलपाखरांची नोंदही याच वहीत जावी. पिवळ्या पंखांवर लाल ठिपके असलेलं हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू आपण बागांत सगळीकडे पाहतो. त्याच्या अळ्या बांडगुळाची पानं खाऊन वाढतात आणि पानाच्या पाठीमागे घोळक्याने सापडतात. बांडगूळ पार काढून टाकलेल्या भागात हे फुलपाखरू अंडी घालणार कुठे?

बागायतदाराचा राग मी समजू शकतो. आंब्याच्या फांद्या वाळताना पाहणाऱ्या माणसाला हळदीकुंकवाचं कौतुक सांगून भागत नाही. कलमांच्या बागेत बांडगूळ काढलंच पाहिजे, आणि काढायचं तर फळं पिकण्याआधी, गाठीच्या बऱ्याच मागून फांदी कापून. नुसता झुबका ओरबाडला तर आत राहिलेल्या मुळांतून ते पुन्हा फुटतं. पण बागेसाठी जे रास्त आहे ते रस्त्याकडेच्या, देवराईतल्या आणि रानातल्या झाडांना लावू नये. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन आणि मॅथ्यू हेरिंग यांनी यावर धाडसी प्रयोग केला. काही रानतुकड्यांतून त्यांनी सगळं बांडगूळ काढून टाकलं, काहींत तसंच ठेवलं आणि तीन वर्षांनी पक्षी मोजले. २०१२ साली आलेल्या निष्कर्षांनुसार बांडगूळ काढलेल्या तुकड्यांतल्या पक्ष्यांच्या जाती सुमारे पाचव्या हिश्शाने घटल्या. चकित करणारी गोष्ट म्हणजे घटलेल्यांत फळं किंवा मध खाणारेच नव्हते, जमिनीवर किडे टिपणारे पक्षीही होते. बांडगुळाची पानं क्षारांनी समृद्ध असतात आणि वर्षभर गळत राहतात. त्या पाचोळ्यावर किडे पोसले जातात आणि किड्यांवर पक्षी. घाटाखालच्या रानात हाच हिशेब लागू पडतो का, हे इथेच तपासावं लागेल, आणि तपासणीची सुरुवात कुठे किती बांडगूळ आहे या यादीनेच होते.

यादी ठेवायला नवं कार्यालय उघडायची गरज नाही. जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार ग्रामपंचायत आणि नगरपरिषद पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि त्यांनी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. शहरी भागासाठी महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा १९७५चा कायदा आहे आणि त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितलेली आहे. गणना करणारा माणूस प्रत्येक झाडाखाली जाऊन त्याची जात आणि घेर लिहीतच असतो. त्याच तक्त्यात एक रकाना वाढवला, ‘बांडगूळ: किती झुबके’, आणि नसेल तिथे शून्य लिहायचं बंधन घातलं, की मोकळ्या झाडांसकट पूर्ण नकाशा तयार होतो. खोपोली आणि कर्जत इथे नगरपरिषदा आहेत, घाटाखालच्या गावांत ग्रामपंचायती आहेत, शाळा-कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलं आहेत. जोडीला त्याच नोंदी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या खुल्या ठिकाणी गेल्या तर बाहेरच्या जाणकारांकडून ओळख पक्की करून घेता येते.

वेळ फेब्रुवारी-मार्चची धरावी, कारण तेव्हा पानं कमी आणि फुलंफळं दोन्ही मिळण्याची शक्यता जास्त. दर वर्षी तीच वाट, तीच झाडं, शक्यतो तेच आठवडे. दुसऱ्या वर्षी जाताना मागची वही हातात असावी आणि नव्या झुबक्यांइतक्याच काळजीने मेलेले झुबके लिहावेत. ते आपोआप वाळले, फांदीबरोबर तुटले की कोणी कापून काढले, हेही लिहावं. नवे किती आले आणि जुने किती गेले हे दोन्ही आकडे एकत्र आले की बांडगूळ वाढतंय की घटतंय हे पहिल्यांदाच सांगता येईल, आणि एखादा जुना आंबा रस्तारुंदीत गेला तर त्याच्यावरच्या झुबक्यांसाठी येणारे फुलटोच्ये पुढे कुठल्या झाडाकडे वळले, हेही त्याच वहीत शोधता येईल.